मांद्रेच्या वाळूखाली काय चालते

पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर मोरजी आणि हरमल यांच्यामध्ये मांद्रे पसरले आहे. आश्वे, जुनसवाडा या भागांत आधी समुद्र, मग रुंद पुळण, मग किनाऱ्याला समांतर वाहणारी खाडी आणि तिच्यावरचे बांबूचे साकव, त्यामागे वाळूच्या टेकड्या आणि माडांची भाटे असा क्रम लागतो. वरच्या अंगाला जांभ्याचे पठार आहे. ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात अशा गोव्यातल्या मोजक्या किनाऱ्यांत मोरजीबरोबर मांद्रेचे नाव आहे. ऑक्टोबर ते मे हा पर्यटकांचा हंगाम. त्या दिवसांत शॅक, कॉटेजेस, योगकेंद्रे, भाड्याच्या खोल्या भरून जातात आणि गावाच्या पाण्याचा सगळा हिशेब बदलतो.

सरकारी नियोजनात शहरी माणसामागे रोज 135 लिटर पाणी धरतात आणि त्यातले सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे मानतात. त्या मापाने वीस खोल्यांच्या गेस्टहाऊसमधले चाळीस पाहुणे रोज सुमारे 4,300 लिटर सांडपाणी तयार करतात. जिथे गटारवाहिनी नाही तिथे हे पाणी अंगणातल्या सेप्टिक टँकमध्ये जाते, तिथून शोषखड्ड्यात आणि शोषखड्ड्यातून वाळूत. त्याच वाळूत विहिरीही आहेत. तिलारीच्या पाण्यावर चालणाऱ्या चांदेलच्या प्रकल्पातून पेडण्याला नळाचे पाणी मिळते. पण बागेला, धुण्याला आणि नळ कोरडा पडला की पिण्यालाही विहीरच उपयोगी पडते.

आरोग्य खाते, बांधकाम खाते आणि विद्यापीठाची प्रयोगशाळा एकमेकांच्या वाटेला सहसा जात नाहीत. त्यामुळे वैद्यक, सांडपाण्यावरची प्रक्रिया आणि पेशींचा अभ्यास हे विज्ञानाचे तीन स्वतंत्र कप्पे वाटतात. किनाऱ्यावरच्या एका अंगणात मात्र तिघांनाही एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: या पाण्यात कोणाच्या पेशी आहेत, त्या जिवंत आहेत का, आणि माणसाच्या तोंडापर्यंत पोचण्याआधी त्यांना कुठे अडवायचे?

टाकी किती करते, वाळू किती करते

सेप्टिक टँकबद्दल मोठा गैरसमज असा, की ती घाण 'जिरवते'. टाकी करते ते काम मर्यादित आहे. पाणी एक-दोन दिवस तिथे थांबते, जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू तळाचा गाळ हळूहळू पचवतात. मधले पाणी पुढे निघून जाते. ते दिसायला बरे असते, पण त्याच्या 100 मिलिलिटरमध्ये आतड्यातले ई. कोलाय जिवाणू अजूनही लाखोंनी असतात. टॉयलेटमध्ये फिनेल आणि ब्लीचिंग सढळ हाताने ओतले तर पचवणारे जिवाणूच मरतात आणि टाकी नुसता हौद होऊन बसते. गाळ दोन-तीन वर्षांनी उपसला नाही, तर गाळाने जागा व्यापते, पाणी थांबत नाही आणि घाण तशीच पुढे सरकते.

खरे शुद्धीकरण होते ते मातीत. शोषखड्ड्याच्या भिंतीला काही महिन्यांत काळसर, बुळबुळीत थर धरतो. हा थर जिवाणूंचाच असतो. तो पाण्याची गती कमी करतो आणि आतड्यातले जंतू गाळून ठेवतो. त्याखालची माती कोरडी आणि हवेशीर असेल तर पाणी कणाकणावरून पातळ पापुद्र्यासारखे उतरते. वाटेत जिवाणू अडकतात, उपाशी मरतात, मातीतल्या इतर जीवांच्या तोंडी जातात.

मांद्रेची अडचण या 'कोरडी आणि हवेशीर' अटीत आहे. किनाऱ्याची वाळू भरड; पाणी तिच्यातून भरभर उतरते. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. पावसाळ्यात भूजल इतके वर येते की शोषखड्ड्याचा तळच पाण्यात बुडतो, आणि गाळण्याचे काम करणारी कोरडी माती उरतच नाही. ई. कोलाय जिवाणू सुमारे दोन मायक्रोमीटर लांब असतो, पोलिओचा विषाणू त्याच्या साठाव्या-सत्तराव्या हिश्शाएवढा. जिवाणू वाळूत अडकतो; विषाणू अडकत नाही, तो कणांना विद्युतभाराने चिकटतो. पावसाचे क्षार नसलेले पाणी मुरले की ही पकड सैल होते आणि महिनाभरापूर्वी चिकटलेले विषाणू पुन्हा वाहू लागतात. वरच्या जांभ्याच्या भागात धोका निराळा. जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात. पाणी तिथे गाळले न जाता एखाद्या पाइपातून जावे तसे खाली झऱ्यापर्यंत पोचू शकते. विहीर आणि शोषखड्डा यांच्यात 30 मीटर अंतर ठेवावे असा ठोकताळा जगभर सांगितला जातो. तो बारीक मातीत पुरतो. भरड वाळूत आणि भेगाळ जांभ्यात नुसत्या अंतरावर भिस्त ठेवता येत नाही, तपासावे लागते.

तपासताना नायट्रेटही पाहावे. हवेशीर वाळूतले जिवाणू मूत्रातल्या अमोनियाचे नायट्रेट करतात, पण नायट्रेटला ती वाळू अडवत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून फार जास्त झाले तर तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. पाणी उकळून जंतू मरतात. नायट्रेट मात्र तसेच राहते, उलट पाणी आटल्याने थोडे दाट होते.

काळी पडणारी बाटली

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस 10500, सांगते की 100 मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये. तो स्वतः बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. तो सापडला म्हणजे त्या पाण्याला विष्ठेचा स्पर्श झाला, आणि मग टायफॉइड, कॉलरा, कावीळ कुठूनही येऊ शकते.

प्रयोगशाळेत ही तपासणी जुन्या पद्धतीने करायची तर नळ्यांच्या रांगा लागतात. प्रत्येक नळीत दुधातल्या साखरेचे द्रावण आणि त्यात उलटी बुडवलेली एक चिमुकली नळी असते. पाण्याचे वेगवेगळे भाग त्यांत घालून नळ्या उबदार कपाटात ठेवतात. कोलिफॉर्म जिवाणू साखर खातात, वायू सोडतात आणि उलट्या नळीत बुडबुडा धरतो. किती नळ्यांत बुडबुडे आले यावरून तक्ता पाहून जिवाणूंची संभाव्य संख्या काढतात. निकालाला दोन ते चार दिवस लागतात.

गावात असे कपाट कुठून आणायचे? यावर ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. छोट्या बाटलीत घडी केलेला कागद असतो, त्यावर जिवाणूंचे खाद्य, गंधक असलेला एक क्षार आणि लोहाचा क्षार वाळवलेला असतो. विहिरीचे पाणी खुणेपर्यंत भरायचे, बूच लावायचे आणि बाटली घरातल्या उबेत ठेवून द्यायची. विष्ठेबरोबर येणारे अनेक जिवाणू गंधकाच्या क्षारापासून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड बनवतात, तो लोहाला भिडतो आणि लोहाचे काळे सल्फाइड तयार होते. पाणी आधी पिवळट, मग कडेने करडे, मग शाईसारखे काळे होते. एक-दोन दिवसांत काळे झाले तर विहीर दूषित धरायची. लवकर काळे झाले तर दूषण जास्त. पंचायतीचा शिपाई, शाळेची मुले, आरोग्यसेविका कोणीही हे करू शकते. मात्र दलदलीच्या, कुजक्या गाळाच्या पाण्यात विष्ठेशी संबंध नसलेले जिवाणूही बाटली काळी करू शकतात. म्हणून काळी बाटली हा अंतिम निकाल धरायचा नाही. ती प्रयोगशाळेला पाठवायची सूचना.

लेझरसमोरून एकेक पेशी

आता मोजणीचे दुसरे टोक. 1953 मध्ये अमेरिकेत वॉलेस कोल्टर यांनी पेशी मोजण्याच्या एका पद्धतीचे पेटंट मिळवले. बारीक भोकातून पेशी गेली की विजेचा रोध क्षणभर वाढतो, त्या झटक्यांची मोजणी म्हणजे पेशींची मोजणी. आज आपण रक्ताचा 'सीबीसी' काढतो त्यातली अनेक यंत्रे याच तत्त्वावर चालतात. पुढे विजेच्या जागी लेझर आला आणि फ्लो सायटोमीटर तयार झाले. त्यात पेशी पाण्याच्या धारेतून एकामागून एक लेझरसमोरून जातात, सेकंदाला हजारोंनी. प्रकाश किती विखुरला यावरून आकार कळतो, रंग कोणता चमकला यावरून स्वभाव. एचआयव्ही रुग्णांच्या सीडी4 पेशी मोजायला हेच यंत्र वापरतात.

हेच यंत्र पाण्याकडे वळवले की जिवाणू मोजता येतात. नमुन्यात दोन रंग घालतात. हिरवा रंग प्रत्येक पेशीच्या डीएनएला धरतो. लाल रंग फक्त भोके पडलेल्या, म्हणजे मेलेल्या पेशीत शिरतो. हिरव्या किती आणि लाल किती हे पाहिले की क्लोरीन टाकल्यावर खरोखर किती मेले हे पाव-अर्ध्या तासात कळते. स्वित्झर्लंडने 2012 मध्ये ही पद्धत पिण्याच्या पाण्यासाठी अधिकृत म्हणून स्वीकारली. यंत्र जिवाणूची जात सांगत नाही, त्यामुळे ई. कोलायच्या चाचणीची जागा ते घेऊ शकत नाही. पण प्रक्रिया-केंद्र बिघडले हे चार दिवसांनी कळण्याऐवजी त्याच दुपारी कळते.

गोव्याला हे तंत्र परके नाही. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत स्मिता मितबावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झुआरीसारख्या खाड्यांतले दोन-तीन मायक्रोमीटरहून लहान असलेले वनस्पती-प्लवक फ्लो सायटोमीटरने मोजले आहेत. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते सहज निसटतात. खाडीत सांडपाण्याचे नायट्रोजन-फॉस्फरस वाढले की या सूक्ष्म जीवांची घडी बदलते. मांद्रेच्या खाडीतला हा बदल वर्षभर मोजला, तर विहिरींच्या तपासणीला मोठी जोड मिळेल.

खडी, कर्दळ आणि कोकणचा जुना वारसा

दूषण मोजले, पुढे काय? पणजीत 2005 मध्ये टोंक येथे रोज 12.5 दशलक्ष लिटर क्षमतेचे प्रक्रिया-केंद्र सुरू झाले. त्यात एकाच टाकीत आळीपाळीने पाणी भरणे, हवा सोडणे, गाळ बसू देणे आणि वरचे पाणी काढणे चालते. तत्त्व 1914 चे, मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांचे: सांडपाण्यात हवा सोडत राहिले की जिवाणूंचे गोळे बनतात, आणि तेच गोळे पुढच्या सांडपाण्यात मिसळले तर सफाई झपाट्याने होते. अशा टाकीतला एक थेंब काचपट्टीवर घेऊन पाहिला तर केंद्राची तब्येत कळते. तपकिरी, भरीव गोळे असावेत. त्यांना देठाने चिकटलेले घंटेच्या आकाराचे व्होर्टिसेला असावेत. धक्का लागताच त्यांचा देठ स्प्रिंगसारखा आखडतो. ते मोकळे जिवाणू खातात, म्हणून ते असले की बाहेरचे पाणी नितळ. त्यांच्या जागी लांब तंतूंचे जाळे दिसले की गाळ बसणार नाही हे ओळखावे.

हे तंत्र शहराला ठीक. त्याला नळजाळे लागते, चोवीस तास वीज लागते, जाणकार माणूस लागतो. हंगामात गजबजणारे आणि पावसाळ्यात निम्मे रिकामे होणारे गाव त्याच्या मापात बसत नाही. इथे झुआरीनगरच्या बिट्स पिलानीच्या गोवा परिसरात श्रीकांत मुतनुरी यांच्या गटाने केलेले काम लक्षात घ्यावे. फ्रान्समधल्या खेड्यांत वापरल्या जाणाऱ्या खडीच्या वाफ्यांचा प्रयोग त्यांनी भारतीय हवामानात केला आणि 2018 मध्ये तो प्रसिद्ध झाला. या पद्धतीत कच्चे सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये न साठवता थेट खडीच्या वाफ्यावर सोडतात. गाळ वर राहून सुकतो, पाणी खडीतून उतरताना हवा खेचते, खडीवरचे जिवाणू ते शुद्ध करतात. काही दिवस एक वाफा वापरायचा, मग त्याला विश्रांती देऊन दुसरा. अशा वाफ्यांत कर्दळीसारखी झाडे लावतात. त्यांची मुळे आणि डुलणारे देठ गाळाच्या थरात वाटा मोकळ्या ठेवतात. फ्रान्समध्ये माणशी सुमारे दोन चौरस मीटर जागा धरतात, उबदार हवेत त्याहून कमी पुरते. चाळीस पाहुण्यांना फ्रेंच मापाने 80 चौरस मीटर होतात. पाणी उंचावरून सोडता आले तर वीजही लागत नाही. नागपूरच्या नीरी संस्थेचे 'फायटोरिड' तंत्र याच कुळातले. ही संस्था 1958 मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या नावातच सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी होती.

हा विचार आपल्याकडे परदेशातून आला असेही नाही. शेजारच्या सिंधुदुर्गात कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणाऱ्या संडासाचे प्रयोग केले. भंगीमुक्ती हा त्यांचा हेतू; पण हातून घडले ते सूक्ष्मजीवशास्त्रच. त्यांच्या कामातून प्रेरणा घेतलेले डॉ. सुहास मापुसकर 1959 मध्ये देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. जंताची, जुलाबाची तीच माणसे पुन्हा पुन्हा औषधाला येतात, याचे कारण उघड्यावरचा मैला आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी आयुष्य संडास आणि त्याला जोडलेल्या 'मलप्रभा' बायोगॅस संयंत्रात घातले. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. दवाखान्यातली रांग कमी करायची तर गावच्या मैल्याची सोय लावावी लागते, हे त्यांनी औषधे लिहून देणाऱ्या हातांनी करून दाखवले.

टाकीतून निघणारा डास

सेप्टिक टँकची आणखी एक बाजू हवेतून येते. क्युलेक्स जातीचा डास घाणेरड्या पाण्यावर पोसतो; टाकीचे फुटके झाकण आणि जाळी नसलेली हवानळी ही त्याची दारे. हत्तीरोग पसरवणारा डास तोच. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंत आपल्या भागात रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री घरोघर फिरून बोटाचे रक्त काचपट्टीवर घेतात.

डासांवर जिवाणू सोडण्याचे प्रयोग गोव्यात झाले आहेत. राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेच्या गोवा केंद्रातल्या अश्वनी कुमार आणि सहकाऱ्यांनी पणजीत मलेरियाच्या डासांवर बॅसिलस स्फेरिकस वापरला, तो निबंध 1994 चा. पुढे बीटीआय हा दुसरा जिवाणू आणि ॲप्लोकायलस ब्लॉकी हा लहान मासा यांची जोडी वापरली, तो निबंध 1998 चा. हे जिवाणू अळीच्या पोटात गेले की त्यांचे विष आतड्याच्या पेशींना चिकटून भोके पाडते. माणसाच्या पेशींवर ते चिकटायला जागाच नसते. यातला एक बारकावा किनाऱ्यावर उपयोगी आहे: घाण पाण्यात बीटीआयचा जोर लवकर ओसरतो, स्फेरिकसचा टिकतो. म्हणजे पाण्याच्या टाकीला एक आणि शोषखड्ड्याला दुसरा. आणि हवानळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधण्याचा खर्च चहापाण्याएवढा.

गावाची बातमी सांडपाण्यात

सांडपाणी रोग पसरवते, तसे रोगाची बातमीही देते. परळच्या हाफकिन आवारातल्या एंटरोव्हायरस संशोधन केंद्राने 2001 पासून मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू शोधायला सुरुवात केली. पोलिओची लागण झालेल्या बहुतेक मुलांना लुळेपणा येत नाही, पण विषाणू मात्र शौचातून बाहेर पडतो. म्हणून वॉर्डात एकही रुग्ण नसताना नाला बोलतो. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याला सापडला आणि मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या निर्णयामागे नाल्यांचे रिकामे अहवालही होते. कोविडच्या काळात पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संशोधकांनी हाच मार्ग धरून सांडपाण्यातून विषाणूची रूपे ओळखली.

मांद्रेत सगळ्या गावाचा एक नाला नाही, मग नमुना कुठला घ्यायचा? उत्तर रस्त्यावर फिरते: गाळ उपसणारा टँकर. वाड्यावाड्यांतला मैला एकत्र येण्याची तेवढीच जागा आहे. टँकरने गाळ कुठे उपसला आणि कुठे ओतला याची नोंद ठेवणे आणि प्रत्येक खेपेतला थोडा नमुना बाजूला काढणे, एवढ्याने बेकायदा ओतण्याला आळा बसेल आणि आरोग्य खात्याला गावाचे चित्रही मिळेल.

विहिरींची तपासणी मे महिन्यात एकदा, म्हणजे पर्यटकांचा हंगाम संपत आलेला आणि पाणी सर्वांत कमी असताना, आणि ऑगस्टमध्ये एकदा, भूजल वर आलेले असताना करायला हवी. त्या निकालांवरून कुठले शोषखड्डे बंद करून खडीचे वाफे आधी करायचे हे ठरेल. बांबोळीला 1842 पासूनचा वारसा सांगणारे वैद्यकीय महाविद्यालय आहे, दोनापावलाला पेशी मोजणारी यंत्रे आहेत, झुआरीनगरला वाफ्यांचा अनुभव आहे. मोजायला लागणारे ज्ञान आणि माणसे गोव्यातच आहेत. नव्या खोल्या भाड्याने द्यायला पंचायतीचा दाखला लागतो. त्या अर्जावर 'सांडपाणी कुठे जाणार' या प्रश्नापुढे 'सेप्टिक टँक' एवढेच उत्तर चालू नये. टाकी शेवटची कधी उपसली, विहीर किती अंतरावर आहे आणि तिचा ऑगस्टचा अहवाल काय सांगतो, हे तीन रकाने भरले जाऊ लागले की संशोधनाचा उपयोग निबंधातून गावात उतरला असे म्हणता येईल.